तेवीस नग

करवंद नाक्यावर माझं दुकान, सहा बाय आठ.
मंगळवारी कंपनीचा निरोप आला:
या बॅचचे पॉवर बँक वापरणं तत्काळ थांबवा,
गरम होण्याची, पेट घेण्याची शक्यता.
तेव्हा मी शटर उचलत होते
हाताला ओढणी गुंडाळून,
कारण वैशाखात शिरपूरला शटरसुद्धा
उघड्या हातानं धरवत नाही.

चोवीस विकले होते.
वहीत निळ्या पेनानं नावं, काहींचे नंबर,
एकापुढे नुसतं ‘बोराडीचा, उंच’,
एकापुढे ‘लग्नात द्यायला, पॅकिंग गुलाबी’.
मी फोन लावत गेले.
पहिलाच हसला.
‘गरम व्हस? आठे काय गरम नही शे, ताई?’

खरंच होतं ते. कसं सांगायचं
की हे गरम वेगळं,
सावलीत ठेवलं तरी आतून चढत जाणारं,
पोट फुगलं की समजायचं उशीर झाला.

दंगल कोळी दोंडाईच्याला
मिरचीच्या पथारीवर रात्रपाळी करतो.
वाळलेल्या मिरचीच्या पोत्यांना टेकून झोपतो,
उशाशी माझा नग.
त्याला मी ओरडलेच. तो म्हणाला,
‘सकाळच्या गाडीनं कंडक्टरकडे देतो,’
आणि मग जरा थांबून, ‘पैसे?’
पैसे मिळतील, म्हटलं. कंपनी देईल की मी,
ते तेव्हा ठरलं नव्हतं.

रुख्मा वळवी अंगणवाडीतून थेट आली,
पोषण आहाराच्या पिशवीतून काढून
टेबलावर ठेवलं, विंचू ठेवावा तसं.
बोराडीचा उंच मुलगा सापडायला चार दिवस गेले,
आयटीआयच्या शिपायानं ओळखला, गुलसिंग पावरा.
लग्नातला नग नवरीसोबत सुरतला गेलेला,
तिथून कुरिअर घेईना,
शेवटी नवरीचा भाऊच घेऊन आला, तोंड फुगवून.
आहेर परत मागतात का कुणी?

दुकानामागे तापीच्या वाळूची बादली.
तेवीस नग तीत पुरले, एकमेकांना न लागतील असे.
रात्री उठून दोनदा हात लावून पाहिला बादलीला.
गारच होती. म्हणजे, इथे जितकं गार असतं तितकी.

राहिला सोनजी ठेलारी.
मेंढ्या घेऊन शहाद्याकडे की निझरकडे,
ज्याच्या शेतात बसवतील तिथे.
त्याला मीच सांगितलं होतं, काउंटरवर हात आपटून,
‘तीन दिवस चालेल, बिनघोर राहा.’
लावला की बंद. पुन्हा लावला, बंद.
अकराव्या दिवशी लक्षात आलं
आणि माझे पाय गार पडले.
रानात त्याला दुसरं लाइट कुठलं?
फोन बंद आहे तोवर तो सुखरूप.
फोन लागेल तेव्हा
त्याला ते जोडलेलं असेल.

तरी लावत राहिले.
नको लागू दे, म्हणत लावत राहिले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी रिंग गेली.
मेंढ्यांचा आवाज, वारा, मग तो:
‘कोन शे?’
मी एका दमात सगळं सांगितलं.
‘हां, ते,’ तो म्हणाला,
‘घोंगडीमा गुंडायी ठेयेल शे,
धूय नको लागाले म्हनीसन.
कोकरूना शेजारे.’
बाहेर काढ, म्हटलं, वायर उपट,
लांब दगडावर ठेव, उघड्यावर,
कोकरू आधी उचल, सोनजीभाऊ, कोकरू आधी.
‘थांब,’ तो म्हणाला. काहीतरी सरकलं.
मेंढ्या एकदम ओरडल्या, की ओरडतच होत्या आधीपासून.
मग लाइन गेली.

वायर उपटली असेल. फोन तिथेच मेला असेल,
मी सांगितलं तसंच झालं असेल.
वही उघडी आहे. तेवीस नावांवर रेघ.
चोविसाव्यावर पेन टेकवून बसलेय,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.